‘आय ॲम सॉरी’ : एका इंग्रजी उक्तीची चेक रूपे

‘आय ॲम सॉरी’ ही उक्ती इंग्रजी संभाषणात इतकी रुळली आहे की, तिचा नेमका अर्थ तपासण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. व्याकरणदृष्ट्या ते केवळ वक्त्याच्या मनःस्थितीचे विधान होय. त्या मनःस्थितीस त्याचा स्वतःचा अपराध कारण झाला की दैव, याविषयी ते मौन पाळते. कोणास धक्का लागला, मृत्यूची वार्ता कळली, किंवा नाटकाची तिकिटे संपली, तरी तीच उक्ती चालते. चेक भाषेत हे मौन इतक्या सुखाने पाळता येत नाही.

लहान कोशांतून ‘सॉरी’पुढे बहुधा ‘प्रोमिन्ते’ हा शब्द दिलेला असतो. हे आज्ञार्थी रूप आहे. अर्थ ‘क्षमा करा’. धक्क्याच्या प्रसंगी ते योग्यच. परंतु नुकत्याच विधवा झालेल्या स्त्रीस कोणी ‘प्रोमिन्ते’ म्हणाला, तर तो तिच्या पतीच्या मृत्यूबद्दल क्षमा मागत आहे असा विपरीत भास होईल. तेथे रूढ प्रयोग ‘उप्र्शीम्नोउ सोउस्त्रास्त’ हा आहे. दोन्ही पदे द्वितीयेत असून क्रियापद अध्याहृत राहते. ‘सोउस्त्रास्त’ची घडण तर आपल्या ‘सहवेदना’ या शब्दासारखीच आहे. तिकीटविक्रेता ‘लितुयि’ किंवा ‘बोहुझेल’ म्हणेल. या दुसऱ्या शब्दात देवाचे नाव चतुर्थीत दडलेले आहे, पण आजच्या वक्त्यास त्याचे स्मरण नसते.

खरी अडचण उरते ती ‘ओम्लोउवाम से’ आणि ‘ये मि तो लीतो’ या दोहोंत. पहिल्या प्रयोगात प्रथमपुरुषी क्रियापद आहे, आणि ते उच्चारणे हेच क्षमायाचनेचे कृत्य आहे. दुसऱ्यात वक्ता चतुर्थीत जातो, ‘मला वाईट वाटते’ या मराठी रचनेप्रमाणे; खेद त्याच्या ठायी आहे, कर्तृत्व मात्र नाही. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत उघड क्षमायाचनेचे क्रियापद आणि ‘आय ॲम सॉरी’ यांत भेद केला असून, दुसऱ्या उक्तीस अर्धवट वर्णनात्मक ठरविले आहे. इंग्रजीतला हा अर्धवटपणाच चेक भाषांतरकारास छळतो.

कल्पना करा की, एखाद्या नाटकात दीर्घ अबोल्यानंतर पती पत्नीस एवढेच म्हणतो, ‘आय ॲम सॉरी’. ही कबुली की नुसती हळहळ, हे पत्नीस कळत नाही, आणि पुढचे दोन अंक त्या संशयावर उभे आहेत. भाषांतरकाराने ‘ओम्लोउवाम से’ लिहिले, की पती पहिल्याच अंकात दोषी ठरला. ‘ये मि तो लीतो’ लिहिले, तर तो जवळजवळ निर्दोष सुटला. यिर्झी लेवी यांनी १९६७ च्या निबंधात भाषांतराचे वर्णन निर्णयांची मालिका असे केले आहे. एक निर्णय पुढील निर्णयांचे क्षेत्र आखून देतो. येथे त्याचा प्रत्यय येतो.

रोमान याकोब्सन यांचे १९५९ मधील प्रतिपादन असे की, भाषांतील भेद काय सांगता येते यात नसून काय सांगावेच लागते यात असतो. प्रस्तुत उदाहरणास ते सरसकट लावणे मात्र घाईचे होईल. चेक व्याकरण दोषनिर्णयाची सक्ती करीत नाही. सक्ती आहे ती रूढीची, आणि तीतही एक फट आहे. ‘म्र्झी म्ञे तो’, म्हणजे ‘ते मला खुपते’, हा प्रयोग स्वतःच्या चुकीबद्दल चालतो आणि दुसऱ्याच्या दुर्दैवाबद्दलही. वरील नाटकाच्या भाषांतरकाराने तोच निवडावा, हे उघड आहे. व्याकरणाची सक्ती सुरू होते ती त्यापुढे. ‘तसे बोललो याचे वाईट वाटते’ असे वाक्य वाढविताच भूतकाळी क्रियापदाने बोलणारा पुरुष की स्त्री हे सांगावे लागते, ‘र्झेक्ल’ किंवा ‘र्झेक्ला’. आणि क्षमा मागायचीच झाली, तर ‘प्रोमिन्ते’ की एकेरी ‘प्रोमिञ’, म्हणजे त्या दोघांत अजून परकेपणा आहे की तो सरला, हेही ठरवावे लागते. इंग्रजी पात्रे हा प्रश्न अखेरच्या अंकापर्यंत अनुत्तरित ठेवू शकतात. चेक पात्रांना तो पहिल्या क्षमायाचनेतच सोडवावा लागतो.