ज्युबिली-ग्रंथ व मंडळीचा शककाल

इतिहासाच्या अभ्यासकास शककालाचा प्रश्न नवा नाहीं. शकराजांच्या नांवानें चालू झालेली कालगणना पुढें शालिवाहनाच्या नांवावर चढली; आणि शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस रायगडावर राज्याभिषेक झाल्यावर पत्रांच्या मथळ्यावर एक नवी गणना दिसूं लागली. वर्षें कोठून मोजावयाचीं हें जो ठरवितो, तो इतिहास कोणाचा हेंही ठरवीत असतो. हाच नियम लावून महाराष्ट्रांतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ज्युबिली-ग्रंथांचें परीक्षण करावें असें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. विषय आपल्या वाचकांस दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या वऱ्हाडाचे कागद आपण गोळा करतों, त्याच वऱ्हाडांत या मंडळ्या सव्वाशे वर्षांहून अधिक काळ नांदत आहेत, आणि त्यांच्या कपाटांतील वह्या हें आपल्याच प्रांताचें दप्तर आहे.

‘ज्युबिली’ हा शब्द मूळच्या इब्री ‘योबेल’ शब्दापासून आला. योबेल म्हणजे मेंढ्याचें शिंग. पवित्र शास्त्रांतील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासावें वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा आहे. त्या वर्षीं शिंग फुंकावें, विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळावी व दास मोकळे व्हावेत, असें तिचें स्वरूप. म्हणजे मूळ कल्पनेंत उत्सवापेक्षां ज्याचें त्यास परत देणें मुख्य होतें. रोम येथें आठव्या बॉनिफेस पोपानें १३०० सालीं पापदंडाच्या क्षमेचें ज्युबिली-वर्ष जाहीर केलें. प्रॉटेस्टंट पंथानें पुढें ती क्षमा, संतांचे अवशेष व संतपूजा हीं सारीं नाकारलीं. त्यामुळें स्मरणासाठीं त्याच्यापाशीं मुख्यतः तीन साधनें उरलीं: तारीख, ग्रंथ आणि शिला. १६१७ सालीं जर्मनीच्या प्रॉटेस्टंट राज्यांतून धर्मसुधारणेची पहिली शताब्दी साजरी झाली, व हा परिपाठ तेथून पडला.

त्या पहिल्याच तारखेचा पुरावा कसा आहे तें पाहणें बोधप्रद ठरेल. ३१ ऑक्टोबर १५१७ या तारखेचें ल्यूथरचें मायन्झच्या आर्चबिशपास लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. उलट, विटेनबर्गच्या देवळाच्या दारावर त्यानें प्रबंध ठोकले ही प्रसिद्ध हकीकत मेलांक्थॉन यानें ल्यूथरच्या मृत्यूनंतर १५४६त लिहिली, आणि इझरलो या जर्मन विद्वानानें १९६१त तिच्याविषयीं उघड संशय घेतल्यापासून तो वाद चालू आहे. म्हणजे पत्राचा पुरावा बळकट व दाराचा दुर्बळ; पण उत्सवाच्या चित्रांत पत्र नसतें, दारच असतें. स्मरणास दृश्य लागतें, संशोधनास कागद. ही भिन्नता ध्यानांत ठेवून आतां मराठी ग्रंथांकडे वळूं.

अमेरिकन मराठी मिशननें ऑक्टोबर १८८१त अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें अर्धशतकाचा उत्सव केला, आणि त्या वेळचे निबंध १८८२त ‘मेमोरियल पेपर्स’ या नांवानें मुंबईस इंग्रजींत छापले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर काल दिला आहे १८१३ ते १८८१. हीं वर्षें अडुसष्ट होतात, पन्नास नव्हत. कारण असें कीं, गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मुंबईस उतरले ते फेब्रुवारी १८१३त. नगरास ठाणें बसलें तें डिसेंबर १८३१त. उत्सव दुसऱ्या घटनेचा, मथळा पहिलीचा. शिवाय नगरची पहिली मंडळी स्थापन झाली ती १८३३ सालीं. अशा रीतीनें एकाच इतिहासाचे तीन आरंभ होतात: एक मिशनऱ्यांच्या येण्याचा, दुसरा ठाण्याचा व तिसरा मंडळीचा. पुढें १९१३त शताब्दी झाली व हेझन यांनीं मिशनचा शतवार्षिक वृत्तांत लिहिला, तेव्हां पहिलाच आरंभ कायम झाला.

या ग्रंथांची योग्यता कमी लेखण्याचा हेतु नाहीं. शाळा, छापखाने, दुष्काळ, भाषांतरें यांविषयींची जी माहिती त्यांत तारीखवार मिळते, ती अन्यत्र एकत्र मिळणें कठीण. आक्षेप आहे तो कर्तृपदाविषयीं. संस्कृत व्याकरणांत जो स्वतंत्र तो कर्ता. या ग्रंथांत कर्ता बहुधा मिशन आहे व मंडळी कर्म आहे. मिशननें शाळा काढली, मिशननें पाळक नेमला, मिशननें गांव घेतलें. परंतु गांवांतील ज्या माणसानें जातीचा बहिष्कार सोसून बाप्तिस्मा घेतला, त्याच्या क्रियेस त्या वाक्यांत जागा नाहीं. १८१३त बंदरांत गलबत लागलें ही अमेरिकेच्या इतिहासांतील घटना होय; तिला महाराष्ट्राच्या इतिहासांत स्थान मिळालें तें येथील माणसांनीं ती पत्करली तेव्हां.

बाबाजी रघुनाथ यांचें उदाहरण घ्या. हे ब्राह्मण गृहस्थ ख्रिस्ती होऊन नगरच्या कार्याच्या अगदीं आरंभीं त्यांत होते व १८३३त वारले. हॉलिस रीड या मिशनऱ्यानें त्यांचें चरित्र १८३६त अमेरिकेंत इंग्रजींत प्रसिद्ध केलें. म्हणजे पहिल्या पिढींतील एका मराठी ख्रिस्ती माणसाचा परिचय बॉस्टन-न्यूयॉर्कच्या वाचकास झाला. याच्या उलट बाबा पदमनजींचें ‘अरुणोदय’ व लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ पाहावीं. दोन्हीं मराठींत लिहिलेलीं, दोन्हीं घरांतून लिहिलेलीं. धर्मांतरानें नात्यागोत्यांत काय उलथापालथ झाली तें या दोन पुस्तकांवरून जितकें कळतें, तितकें ज्युबिली-ग्रंथांवरून कळत नाहीं. आणि तीं कोणत्याही ज्युबिलीसाठीं लिहिलेलीं नव्हतीं.

आतां आपल्या जिल्ह्याकडे येऊं. वऱ्हाडांत अचलपूर येथें एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत स्वतंत्र मिशनऱ्यांनीं काम आरंभिलें होतें. त्यांपैकीं जेनी फ्रो, लग्नानंतरच्या जेनी फुलर, व त्यांचे पति हे १८९२ च्या सुमारास अलायन्स मिशनमध्यें गेले, आणि अकोला, खामगांव, मलकापूर, बुलढाणा या ठिकाणीं त्या मिशनचीं ठाणीं झालीं. नंतर शके १८२१-२२ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, दुष्काळ आला. खामगांवास मिशननें अनाथ मुलींसाठीं आश्रम चालविला.

मग खामगांवसारख्या मंडळीचा शककाल कोणता धरावा? मिशनऱ्यानें बंगला भाड्यानें घेतला तो दिवस, मंदिराची कोनशिला बसली तो, कीं दुष्काळांत पोरक्या झालेल्या पहिल्या मुलीचें नांव वहींत चढलें तो? पहिला दिवस मिशनच्या अहवालांत सांपडतो, दुसरा भिंतीवर. तिसरा सांपडेल तर तो फक्त त्या वहींतच. पण पुढील पिढ्या ज्यांच्या पोटीं जन्मल्या, त्या याच मुली. त्यांचीं गांवें, त्यांच्या आईबापांचीं नांवें, त्यांचें आरंभींचें वय हें लिहून ठेवणारा दुसरा कागद त्या काळच्या खेड्यांत बहुधा नव्हताच. संशोधकांनीं येथें एक गोष्ट स्मरावी. खामगांव तालुका १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यांत होता. तेव्हां त्यापूर्वींचे सरकारी कागद बुलढाण्याच्या दप्तरांत शोधणें व्यर्थ होय.

या प्रश्नाचें गांभीर्य मला एका प्रसंगानें कळलें. एका मंडळीच्या महोत्सवानिमित्त मंदिरास रंग द्यावयाचा होता. जुनें कपाट बाहेर काढलें, स्मरणिकेसाठीं छायाचित्रें निवडून घेतलीं, आणि वाळवी लागलेल्या वह्या रद्दींत गेल्या. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें त्यांतील एक परत आणून मला दाखविली. तींत बाप्तिस्मे होते, दफनें होतीं, आणि मधूनच मोडींत लिहिलेल्या चार ओळी होत्या: कोणा विधवेस दिलेल्या धान्याचा हिशेब. स्मरणिका सुबक निघाली. तिच्यांत मिशनऱ्यांचीं नांवें क्रमवार आहेत. त्या विधवेचें नाहीं.

यावर असें उत्तर येईल कीं, ज्युबिली ही उपासना आहे, संशोधन नव्हे. शमुवेल संदेष्ट्यानें ‘एबन-एजर’ नांवाचा धोंडा उभा केला तो देवाच्या साहाय्याची खूण म्हणून, पुरावा म्हणून नव्हे. हें म्हणणें मला मान्य आहे. उपकारस्तुतीच्या सभेस टीपा मागणारा मनुष्य अरसिकच होय. परंतु सभा संपते व ग्रंथ उरतो. पन्नास वर्षांनीं पुढील स्मरणिका लिहिणारा तोच ग्रंथ आधारास घेतो, आणि उत्सवाची तारीख इतिहासाची तारीख होऊन बसते. आपण स्वतः या दोषापासून मुक्त आहों असेंही नाहीं. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ही तिथि जेधे शकावलींतून १९१६त पुढें येईपर्यंत आपणही रूढ तिथीवरच विसंबलों होतों, व त्यानंतरचा वाद किती वर्षें चालला तें येथें सांगण्याची गरज नाहीं.

मंडळ्यांचे शककाल यापुढेंही वाढत जाणार. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास सहा पंथ एकत्र होऊन उत्तर भारत मंडळी स्थापन झाली, तेव्हां जुन्या मंडळ्यांस आणखी एक आरंभ मिळाला. यांत वाईट कांहीं नाहीं. ताम्रपटावर शक व राज्यवर्ष दोन्हीं असतात. मात्र कोणतें कोणतें तें स्पष्ट लिहिलेलें असतें. तेवढेंच येथें मागणें आहे. स्मरणिका काढणाऱ्यांनीं आरंभाची तारीख कोणत्या कागदावरून घेतली तें सांगावें. मिशनऱ्यांच्या यादीशेजारीं पंतोजी, बायबल-बाया, वडील व पहिलीं कुटुंबें यांची यादी द्यावी. बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व दफनाच्या वह्यांची, तसेंच पंचांच्या सभांच्या टिपणांची नक्कल रंगारी येण्यापूर्वीं करावी. मोडी वाचणारे आपल्या मंडळांत अद्याप आहेत. मंडळ्यांनीं बोलाविल्यास त्यांनीं जावें, आणि न बोलाविल्यास विचारावयास जावें. वह्या मंडळ्यांच्याच राहाव्यात, संग्राहकांच्या होऊं नयेत, हेंही आपण आपणांस बजावलें पाहिजे.

योबेलाच्या वर्षीं ज्याची जमीन त्याला परत द्यावयाची असे. मंडळीच्या ज्युबिलीच्या वर्षीं ज्याचें नांव त्याला परत मिळालें, तर त्या शब्दाचा मूळ अर्थ राखल्यासारखें होईल.