सायकोपॅथी, महत्त्वाकांक्षा आणि यश : ‘स्नेक्स इन सूट्स’च्या निमित्ताने

यश मिळवायचे तर माणसाने थोडे निष्ठुर असावेच लागते, ही समजूत जुनी आहे. पॉल बाबियाक व रॉबर्ट हेअर यांच्या ‘स्नेक्स इन सूट्स’ (२००६) या ग्रंथानंतर तिला मानसशास्त्राचा आधार मिळाल्याचा भास निर्माण झाला. मोहक वाणी, निर्भयता आणि पश्चात्तापाचा अभाव असलेली व्यक्ती उद्योगसंस्थेत वरच्या पदापर्यंत कशी पोहोचते, याचे प्रभावी चित्रण या ग्रंथात आढळते. लेखकांचा हेतू सावध करण्याचा होता. लोकप्रिय लेखनाने मात्र त्यातून यशाचा कानमंत्र काढला. म्हणून या समीकरणाची चिकित्सा आवश्यक ठरते.

पहिला प्रश्न महत्त्वाकांक्षेचा. हर्वे क्लेक्ली यांनी ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ या ग्रंथात सांगितलेल्या लक्षणांत वरवरच्या मोहकतेबरोबरच आयुष्याची कोणतीही आखणी न पाळणे हेही एक लक्षण आहे. हेअर यांच्या २० घटकांच्या, ४० गुणांच्या सूचीतही वास्तववादी दीर्घकालीन ध्येयांचा अभाव मोजला जातो. महत्त्वाकांक्षेला ध्येय व सातत्य लागते. त्यामुळे दोहोंना एक मानणे तात्त्विकदृष्ट्या चुकीचे आहे.

दुसरा प्रश्न यशाचा. बाबियाक, न्यूमन व हेअर यांच्या २०१० मधील अभ्यासात २०३ व्यावसायिकांपैकी सुमारे ४ टक्के व्यक्तींचे गुण ३० किंवा अधिक होते. सूचीतील गुण जितके अधिक, तितकी संवादकौशल्याची छाप सरस आणि प्रत्यक्ष कामगिरी व संघभावना उणी, असे त्यात दिसून आले. तथापि हे व्यावसायिक कंपन्यांनीच प्रशिक्षणासाठी निवडलेले होते. त्यावरून ‘दर पंचवीस अधिकाऱ्यांमागे एक’ असा सरसकट निष्कर्ष निघत नाही. लँडे, हार्म्स व क्रेडे यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यातही या गुणांचा नेतृत्वपद मिळण्याशी क्षीण अनुकूल, तर नेतृत्वाच्या परिणामकारकतेशी क्षीण प्रतिकूल संबंध आढळला.

सारांश, हे गुण पद मिळवण्यास किंचित साहाय्य करतात, ते निभावण्यास नव्हे. तेव्हा यातील दोष आपल्या निवडपद्धतीकडेही जातो. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत छाप दिसते, सचोटी दिसत नाही. ती पूर्वीच्या सहकाऱ्यांना आणि हाताखालच्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असते. निवड समितीवर बसणाऱ्या प्राध्यापकांनी त्यांचेही मत विचारात घेतले, तर निष्ठुरतेला यशाचे मोल देण्याची आपली सवय काही अंशी तरी सुटेल.