नासदीय सूक्त आणि आजचें पदार्थविज्ञान

विश्वोत्पत्तीविषयीं पदार्थविज्ञानानें जें जें सिद्ध केलें, तें तें आमच्या ऋषींना पूर्वींच ठाऊक होतें, असें प्रतिपादन व्याख्यानांतून व पुस्तकांतून वारंवार कानीं पडतें. आमचे विद्यार्थीहि तें उत्साहानें आम्हांस सांगतात. त्यांचा अभिमान आम्हांस अप्रिय नाहीं. पण ज्या पायावर तो उभा केला जातो, तो पाया तपासून पाहणें अगत्याचें आहे.

या पक्षाचा सर्वांत आवडता पुरावा कालगणनेचा. ४३,२०,००० वर्षांचें एक महायुग. अशीं १,००० महायुगें म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस अथवा कल्प. त्याचीं वर्षें होतात ४३२ कोटि. पृथ्वीचें वय शास्त्रज्ञांनीं सुमारें ४५४ कोटि वर्षें ठरविलें आहे. दोन आंकडे इतके जवळ आले, कीं सभेंत टाळी पडते. परंतु ४३२ कोटि हें संपूर्ण कल्पाचें मान आहे, गतकालाचें नव्हे. घरोघरीं पूजेच्या संकल्पांत जो काळ उच्चारला जातो, तो काय सांगतो? श्वेतवाराह कल्पांतील सहा मन्वंतरें सरलीं; सातव्या, वैवस्वत मन्वंतरांतील अठ्ठाविसावें कलियुग चालू आहे. हा हिशेब मांडला असतां कल्पारंभापासून सुमारें १९७ कोटि वर्षें लोटलीं, असें निघतें. म्हणजे ज्या परंपरेची साक्ष काढावयाची, तिनेंच दिलेलें उत्तर बाजूस सारून सोईचा आंकडा उचलला जातो! विश्वाचें वय तर आज सुमारें १,३८० कोटि वर्षें मानतात. त्याशीं यांपैकीं एकहि आंकडा जुळत नाहीं. शिवाय शास्त्रज्ञांचा आंकडा युरेनियमचें शिसें किती झालें, हें उल्कापाषाणांत मोजून काढलेला. पुराणांतील आंकडा युगांच्या गुणाकारानें आलेला. उत्तरें जुळलीं तरी रीत जुळत नाहीं, आणि शास्त्राचा प्राण रीतींत असतो.

दुसरा धोका याहून मोठा आहे. विज्ञान बदलतें. १९४८ सालीं बाँडी, गोल्ड व हॉईल यांनीं विश्व अनादि असल्याचा सिद्धान्त मांडला. त्या वेळीं आमच्या ग्रंथांतील 'अनादि' हा शब्द त्यांच्या बाजूनें उभा करतां आला असता. १९६५ सालीं पेंझियस व विल्सन यांनीं सर्व दिशांनीं येणाऱ्या क्षीण प्रारणाचा शोध प्रसिद्ध केला, आणि महास्फोटाचा पक्ष बळावला. आतां तेच ग्रंथ त्या पक्षाकडे ओढले जातात. जो साक्षीदार दोन्ही वादींच्या बाजूनें बोलतो, त्याची साक्ष कोणत्या न्यायालयांत टिकेल? जयंत नारळीकरांनीं १९९३ सालीं हॉईल व बर्बिज यांच्यासह महास्फोटाला पर्यायी सिद्धान्त सुचविला. तो बहुमान्य झाला नाहीं. पण त्यांनीं आधार घेतला तो वेधांचा व गणिताचा, ग्रंथप्रामाण्याचा नव्हे. हा धडा आमच्या घरचाच आहे.

मग साम्य कोठेंच नाहीं काय? आहे, पण तें उत्तरांत नव्हे, प्रश्नांत आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १२९ वें सूक्त अवघें सात ऋचांचें. 'आहे' व 'नाहीं' हे दोन्ही शब्द जेथें लागू पडत नाहींत, तेथवर मागें जाण्याचें धाडस त्याचा कर्ता करतो. देवांनाहि तो साक्षीस बोलावीत नाहीं, कारण देव सृष्टीच्या मागाहूनचे. शेवटीं तर जो सर्वांचा अधिष्ठाता, त्याला तरी हें ठाऊक असेल काय, अशी शंका ठेवून तो थांबतो. आजचें पदार्थविज्ञानहि आरंभीच्या अत्यल्प क्षणांशापाशीं येऊन थबकतें. गुरुत्वाकर्षणाचा व क्वांटमचा सिद्धान्त तेथें एकत्र नांदत नाहींत. भेद इतकाच, कीं ऋषीची शंका चिंतनांत विसावते, तर शास्त्रज्ञाची शंका त्याला पुन्हां दुर्बिणीकडे धाडते.

हा भेद लपविण्यांत आमचा कोणता गौरव आहे? ज्यानें आपलें अज्ञान निर्भयपणें उच्चारलें, त्याच्या तोंडीं 'आम्हांस सर्व ठाऊक होतें' ही बढाई घालणें म्हणजे त्याचाच अधिक्षेप होय. आमच्या मुलांस वारसा द्यावयाचाच असेल, तर त्या ऋषीच्या शंकेचा द्यावा. उत्तरें तीं आपलीं आपण शोधतील.