जवळा : लोकनाम आणि शास्त्रनाम

मत्स्यविषयक मराठी लेखनात ‘जवळा’ या शब्दापुढे ‘असेटिस इंडिकस’ हे शास्त्रीय नाम सर्रास लिहिले जाते. हे समीकरण सोयीचे खरे. तथापि ते निर्दोष मानता येत नाही. असेटिस हा वंश व त्यातील ही जाती यांचे नामकरण आंरी मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८३० मध्ये केले. ते नाम एका विशिष्ट जातीला कायमचे बांधलेले आहे. मालवणच्या किनाऱ्यावरील ‘जवळा’ मात्र तसा बांधलेला नाही.

तेथे नाव पडते ते आकारावरून आणि अवस्थेवरून. मोठी ती सुंगटां. दोन-चार सेंटीमीटर लांबीच्या पारदर्शक जीवांची रास तो जवळा. तोच वाळला की गोलमो होतो, आणि किसमूर होते ती गोलम्याची. व्याकरणदृष्ट्याही हा शब्द बोलका आहे. तो एकवचनीच चालतो. ‘चार जवळे’ असे कोणी मोजीत नाही, वाटा घेतो. अर्थात हे जातीचे नाव नव्हे, जाळ्यात आलेल्या बारीक मालाचे नाव होय. व्यवहाराच्या दृष्टीने ते यथार्थ आहे. दोष आहे तो त्याच्यावर जातीचा शिक्का मारणाऱ्यांचा.

लोकभाषा तेवढी ढोबळ आणि शासकीय परिभाषा तेवढी काटेकोर, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. भारतातील मासळीच्या आकडेवारीत कोळंबीचे ‘पीनीड’ आणि ‘पीनीडेतर’ असे दोन भाग पाडतात. दुसरे नाव केवळ नकारात्मक आहे, आणि नकारावर वर्ग उभा राहत नाही. या दुसऱ्या भागात असेटिस व निमॅटोपॅलिमॉन यांना एकत्र बसविले जाते. वस्तुतः असेटिसचे कल्ले शाखायुक्त असून त्याची अंडी थेट पाण्यात सुटतात; म्हणजे त्याचे खरे नाते पीनीडांशीच आहे. निमॅटोपॅलिमॉनची मादी अंडी पोटाखाली बाळगते. तिचे कुळ वेगळे. (छातीखाली पिशवी असलेले मायसिड तर दिसायला जवळ्यासारखे असूनही निराळ्याच गणात मोडतात.)

शास्त्रनामांचे भाषांतर करण्याचा हव्यासही येथे अंगाशी येतो. ‘डेकापोडा’ या गणाला मराठीत ‘दशपाद’ म्हणतात. असेटिसमध्ये चालण्याच्या पायांच्या शेवटच्या दोन जोड्या नाहीतच. उरतात सहा पाय. मूळ नामाला ही विसंगती बाधत नाही. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार वर्णन लागू पडत नाही एवढ्या कारणाने नाम बाद होत नाही, आणि हा न्याय गणाच्या नामालाही लावण्यास हरकत नसावी. परंतु ‘दशपाद’ म्हणताच खूण जाऊन वर्णन येते, आणि वर्णन खोटे ठरू शकते. तेव्हा शास्त्रनाम देवनागरीत जसेच्या तसे लिहावे व ‘जवळा’ला त्याच्या जागी राहू द्यावे, हेच श्रेयस्कर.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. बारीक आसाच्या जाळ्यात मोठ्या सुंगटांची पिल्लेही सापडतात. सगळी रास ‘जवळा’ म्हणून नोंदली गेली आणि वाचणाऱ्याने तिचा अर्थ असेटिस असा घेतला, तर पुढे मोठी होणारी किती सुंगटां त्या राशीत संपली याचा हिशेब कोठेच उरत नाही. तो लावायचा तर रास पसरून पाय मोजावे लागतात : पिल्लांना चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या, असेटिसला तीन.