घालायला काही नाही!

दिवाळी अंक उघडला की पहिल्या दहा पानांत एक नवरा, एक बायको आणि एक साडीचे दुकान हटकून भेटते. असे विनोद मीही लिहिले आहेत, आणि त्यांच्या मानधनातून आमच्या घरी साडी आली आहे, हे आधीच कबूल केलेले बरे! आज या विनोदाच्या एका परदेशी पूर्वजाविषयी चार शब्द लिहितो.

विल्यम ॲलन बटलर हा न्यूयॉर्कचा वकील. १८५७ साली ‘हार्पर्स वीकली’त त्याची ‘नथिंग टु वेअर’ ही कविता निनावी छापून आली आणि भलतीच गाजली. तिची नायिका फ्लोरा तीनदा पॅरिसला जाते, सहा आठवडे खरेदी करते, बारा गाड्या भरून माल आणते. आणि तीन महिने उलटतात न उलटतात तोच नाचाच्या आमंत्रणावर म्हणते, घालायला काही नाही! नियोजित वर बिचारा एकेक झगा सुचवीत जातो. निळा जड, गुलाबी हलका! अखेर या वादात ठरलेले लग्नच मोडते.

पोट धरून हसल्यावर माझ्यातला मास्तर जागा होतो. या फ्लोराला मिरवण्यावाचून दुसरे काम दिले होते कोणी? मुलीची किंमत कपड्यांवरून करायची, आणि तिने कपड्यांची काळजी केली की तिलाच हसायचे, हा कुठला न्याय?

शेवटी बटलर वाचकाला शहरातल्या दरिद्री वस्तीत नेतो. तिथे खरोखरच घालायला काही नसते. हा उपदेश कोणाला ठिगळासारखा वाटेल. मला मात्र कविता तिथेच मोठी झालेली दिसते. शब्द तेच, पण हसू मावळते.

तरीही एक व्यक्ती या कवितेत नाहीच. ते झगे शिवणारी! ती भेटते टॉमस हूडच्या ‘द साँग ऑफ द शर्ट’मध्ये. ही कविता १८४३ साली लंडनच्या ‘पंच’ने छापली, तीही विनोदी साप्ताहिकाच्या नाताळ अंकात! बटलरने फॅशनची किंमत खिशावरून मोजली, हूडने शिवणारीच्या शिणलेल्या डोळ्यांवरून.

तेव्हा वाचकहो, पाडव्याच्या साडीवरून खुशाल हसा. फक्त ब्लाउज शिवणारीच्या मजुरीत घासाघीस करू नका. आमच्या घरी गेल्या दिवाळीपर्यंत ती मीच करीत होतो.