कॅप्टनच्या घराला दार नाही

‘कॅप्टन फॅन्टॅस्टिक’ मी आणि आईने लॅपटॉपवर एकत्र पाहिला. सिनेमा संपला तेव्हा आई डोळे पुसत होती आणि मी चिडले होते. पाचवी ते सातवी अशी तीन वर्षं आईने मला शाळेतून काढून घरी शिकवलं होतं. त्यामुळे आमच्या घरात हा नुसता सिनेमा म्हणून पाहिला जाणं शक्यच नव्हतं. तिला त्यात तिची मेहनत दिसली. मला काय दिसलं, हे कळायला मात्र मधे एक पुस्तक वाचावं लागलं.

मॅट रॉसचा हा सिनेमा २०१६चा. वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात बेन कॅश (व्हिगो मॉर्टेनसन) सहा मुलांना वाढवतोय. मुलं शिकार करतात, कडे चढतात, रात्री शेकोटीभोवती जाडजूड पुस्तकं वाचतात. नाताळऐवजी नोम चॉम्स्कीचा वाढदिवस साजरा होतो. दूर इस्पितळात असलेली आई आत्महत्या करते आणि हे सगळे तिच्या अंत्यविधीसाठी बसने न्यू मेक्सिकोला निघतात.

सगळ्यांना आवडतो तो प्रसंग वाटेतला आहे. बेनच्या बहिणीच्या, शाळेत जाणाऱ्या मुलांना ‘बिल ऑफ राइट्स’ म्हणजे काय ते सांगता येत नाही. मग बेन आपल्या चिमुरड्या झाजाला बोलावतो. ती पाठ केलेलं म्हणायला लागते, तो थांबवतो, स्वतःच्या शब्दांत सांग म्हणतो. ती सांगते. बहीण गप्प. आपण टाळ्या वाजवतो.

पण हा प्रसंग मी आतून ओळखते. पाहुणे आले की मलाही बोलावलं जायचं. “हिला विचारा, पोळीचे बारा भाग कसे करायचे ते.” मी करून दाखवायचे. तेव्हा मी शिकत नव्हते, आईच्या वतीने परीक्षा देत होते. बेन प्रश्न विचारतो, उत्तर बेनने शिकवलेलं असतं आणि गुणही बेनच देतो. दिग्दर्शकाला हे दिसलेलं नाही असं नाही. थोरला बो पुढे बापावर ओरडतो, की पुस्तकाबाहेरचं आपल्याला काहीच येत नाही. पण त्या ओरडण्याचं पुढे काय होतं? बाप अंतर्मुख होतो, दाढी करतो, बदलतो. मुलांचं दुःखही शेवटी बापाच्या गोष्टीतलं एक वळण होऊन बसतं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. या जंगलात दुसरं मोठं माणूस नाही. शेजारी नाही, गाणं शिकवणारी बाई नाही, सायकल दुरुस्त करून देणारा कुणी नाही. बोने चोरून कॉलेजांना अर्ज केलेत, त्याला मदत फक्त आईची होती, आणि आई सिनेमा सुरू होताच मेलेली आहे. घरातलं एकमेव दार पटकथेने आधीच बंद केलंय.

घरशाळा प्रत्यक्षात अशी चालत नाही. जॉन होल्टने १९७७ साली ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केलं. ते मुख्यतः पालकांच्या आणि मुलांच्या पत्रांवर चालायचं. आमचंही तसंच होतं. आईचे पाठ घरचे: किराणामालाच्या यादीवर बेरजा, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर नकाशे. पण शनिवारी पाच-सहा कुटुंबं टेकडीवर जमायची. एक काका झाडं ओळखायला शिकवायचे. कुणाच्या तरी गच्चीवर नाटक बसायचं. आई तेव्हा म्हणायची, हे ‘जोडीला’ आहे. आता मला वाटतं, तेच मुख्य होतं.

हे मला तारा वेस्टओव्हरच्या ‘एज्युकेटेड’ने (२०१८) दाखवलं. आयडाहोतल्या डोंगराच्या पायथ्याशी मॉर्मन कुटुंबात वाढलेली, सात भावंडांतली धाकटी. सरकार, डॉक्टर, शाळा यांपैकी कशावरच वडिलांचा विश्वास नाही. नऊ वर्षांची होईपर्यंत तिला जन्मदाखला नव्हता. घरी शिकवणं हळूहळू बंद पडतं आणि भंगाराच्या आवारातलं काम सुरू होतं. सतराव्या वर्षी ती ब्रिगम यंग विद्यापीठात जाते आणि वर्गात विचारते, होलोकॉस्ट म्हणजे काय? पुढे केंब्रिजमधून इतिहासात पीएचडी.

या पुस्तकाची जाहिरात ‘डोंगर ते केंब्रिज’ अशी होते आणि बहुतेक जण ते तसंच वाचतात. मला मात्र त्यातलं गावातलं छोटं नाट्यगृह जास्त महत्त्वाचं वाटतं. गाण्याच्या बाबतीत कडक वडीलही विरघळतात, आणि तारा तिथे ‘ॲनी’ या संगीत नाटकात काम करते. तालमींना जाते, शाळेत जाणाऱ्या मुलांमध्ये वावरते. कुटुंबाबाहेरची माणसं तिला बघतात. विद्यापीठाचं दार खूप नंतरचं. पहिली फट या रंगमंचावर पडते.

शिवाय ही गोष्ट मुलीने लिहिली आहे, आणि तीही खात्रीचा आव न आणता. एखाद्या अपघाताची आठवण भावंडांना वेगळी असेल तर ती तळटीपेत तसं सांगून टाकते. बेन कॅशच्या घरात अशा तळटीपेला जागाच नाही.

आई म्हणेल, आणि तिचं बरोबरच असेल, की तारावरची आपत्ती घरशाळेमुळे नाही, घरातल्या हिंसेमुळे आली. शाळेत जाणाऱ्या मुलांनाही घरात मार बसतो. मान्य. पण शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दंडावरचा वळ कुणीतरी परका माणूस रोज बघू शकतो. घरशाळेत ती सोय मुद्दाम करावी लागते. आणि ती ज्यांच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते, त्यांनीच करावी लागते. हे धैर्य मला चॉम्स्की शिकवण्यापेक्षा मोठं वाटतं.

मला आठवीला शाळेत जायचं होतं. हे मी आईला आधी सांगितलं नाही. आठवड्यातून दोनदा मला वाचनालयात आई स्वतःच सोडायची, तिथल्या काकूंना सांगितलं. त्यांनी माझ्या कार्डावर शिक्का मारला आणि म्हणाल्या, “आईला मी सांगू, की तू सांगशील?” मी म्हटलं, तुम्ही सांगा. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गणवेशाचं कापड घेऊन आली.

सिनेमा पुन्हा बघायचा का, असं परवा आईने विचारलं. म्हटलं, बघू. पण या वेळी रडताना मधे थांबव, मला तुला काही विचारायचंय: मला त्या वाचनालयात सोडताना तुला कधी भीती वाटली होती का?