'स्मृतिचित्रे'तील हसू

आपल्या धार्मिक लेखनात दुःखसहनाचे गोडवे फार. हसणारा भाविक त्यात क्वचितच भेटतो. म्हणूनच लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६) आम्हांला मोलाची वाटतात. १८९५ मध्ये रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि या बाईंचा संसार विस्कटला. १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ताचा स्वीकार केला. या हकीकतीचे रडगाणे सहज झाले असते. ताटातुटीतील आकांत लक्ष्मीबाई लपवीत नाहीत. तरी स्वतःच्या सोवळ्याला आणि पतीच्या लहरीपणाला त्या मनमोकळे हसतात. हा निव्वळ विनोदी स्वभाव, असे म्हणणे आम्हांला अपुरे वाटते. संत पौलाने फिलिप्पैकरांस आनंदाचे पत्र लिहिले, तेही बंदिवासातूनच. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट, म्हणून आपल्या घरांतून हे पुस्तक दुर्मीळ असेल, तर तोटा आपलाच.